निर्जन बेट आणि ओस गाव

डॅनियल डीफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ 1719 साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागे अलेक्झांडर सेलकर्क या खलाशाची हकीकत असावी, असे सामान्यतः मानले जाते. 1704 पासून चार वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य चिलीच्या पश्चिमेकडील एका निर्जन बेटावर एकटा राहिला. पोटाची सोय लागली. जड गेला तो एकांत. मग तो मोठ्याने बायबल वाची, स्तोत्रे म्हणे आणि मांजरांबरोबर, बकरीच्या पिलांबरोबर गाऊन नाचे. अंदमानच्या कोठडीत सावरकर भिंतीवर ओळी कोरीत व त्या पाठ करीत. संकटातून तगलेल्यांच्या वाङ्मयात धैर्याची वर्णने उदंड असतात. परंतु माणसाचे मन शाबूत राहते ते बहुधा अशा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या नेमामुळे.

बीड जिल्ह्यातील वाचकाला असे बेट पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल अंगावर असते, तेव्हा जाणे भागच. मागे कुलपे राहतात आणि त्या कुलपांची राखण करणारी म्हातारी माणसे. कोठे कोठे नातवंडेही. शेळीशी तासन् तास बोलणाऱ्या म्हातारीला पोरे हसतात. सेलकर्क याहून निराळे काय करीत होता?

फरक एवढाच, की सेलकर्कचे जहाज एकदा आले आणि त्याचा वनवास संपला. इथला ट्रक पाडव्याच्या आगेमागे माणसे आणून सोडतो आणि पुढल्या दसऱ्याला तीच माणसे घेऊन जातो. हल्ली मोबाइल आहे, फडातून लेकाचा आवाज ऐकू येतो, हे खरे. पण रात्री ताप भरला तर त्या आवाजाच्या हातून तांब्याभर पाणी मिळत नाही.

मागे राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, हे योग्यच झाले. त्याच चुलीवर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांची भाकरी जास्त पडली, तर हिशेबाच्या वहीत असा कोणता मोठा घोळ होणार आहे? ते होईल तेव्हा होईल. तोवर गुरुजींनी सकाळची हजेरी घेताना नातवाला त्याच्या आजीची खुशाली विचारावयास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.