पुढचं पुस्तक तयार ठेवायचं

रिसोड तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय मी सांभाळते. शासनाच्या वर्गवारीत ते ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सर्वांत लहान. नवा वाचक मिळवणं त्या मानानं सोपं असतं. परीक्षा, पाऊस, पेपर, कशाच्याही निमित्तानं माणूस एकदा आत येतो. तो दर आठवड्याला यावा यासाठी मात्र दिवसभर राबावं लागतं. श्रावणातला हा एक दिवस.

सकाळी ६.३०

स्टँडवर पेपरचे गठ्ठे उतरतात, तेव्हा मी तिथे हजर असते. सात वाजता वाचनालयाचं कुलूप निघालंच पाहिजे, हा माझा पहिला नियम. लग्नाची तिथ असो की झड लागलेली असो, वेळ बदलत नाही. वाचनालय उघडं असेल की नाही, अशी शंका घेऊन माणूस घरून निघू लागला की हळूहळू त्याचं येणंच थांबतं.

७.००

पहिले येतात ते म्हातारे आणि रानात जाण्याआधी डोकावणारे शेतकरी. ‘देशोन्नती’, ‘लोकमत’ टेबलावर पसरतात. आधी बाजारभाव, मग निधनवार्ता, मग राजकारण. यांच्याकडून वर्गणी घेत नाही. पेपर सर्वांना खुले आहेत.

दाराशेजारी फळा आहे. त्यावर सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे आदल्या दिवसाचे भाव लिहिते. त्याखाली एका पुस्तकाचं नाव आणि ते कशाबद्दल आहे, हे दोन ओळींत. भाव बघायला थांबलेल्याची नजर आपोआप खाली जाते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ अशीच कपाटातून बाहेर पडली. लेखक शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले, कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पण फळ्यावर मी पुरस्काराबद्दल काही लिहिलं नाही. शिकलेला मुलगा नोकरीविना शेतीत अडकतो आणि घर उसवत जातं, एवढंच लिहिलं. एक आजोबा ते वाचून म्हणाले, “हे तं आमच्याच घरचं हाय, ताई. द्या बरं मले.” ते आजही दर सोमवारी येतात.

८.३०

भरतीची तयारी करणारी मुलं येतात. पोलीस, तलाठी, एमपीएससी. अभ्यासिकेतला आवाज मी बंद ठेवते आणि पंखा चालू. ही मुलं रोज येतात, पण परीक्षा संपली की दिसेनाशी होतात. म्हणून त्यांच्या टेबलावर गाईडांसोबत एकेक पातळ पुस्तक ठेवते. ‘बनगरवाडी’ एका बैठकीत होते. आपल्या वऱ्हाडी बोलीतली उद्धव शेळक्यांची ‘धग’ किंवा आपल्या वाशिम जिल्ह्यातलेच बाबाराव मुसळे यांची ‘हाल्या हाल्या दुधू दे’ हाती पडली, की पोरं चकित होतात. घरात बोलतो तशी भाषा पुस्तकात छापलेली असते, हे त्यांना शाळेत कुणी सांगितलेलंच नसतं.

१०.००

वाचकांची ये-जा कमी होते, तेव्हा दप्तर काढते. नवी पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची, शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं आमच्यासारख्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. त्यासाठी नोंदी चोख लागतात. अनुदान थोडं असतं, म्हणून चुकीचं पुस्तक घेणं आम्हाला परवडत नाही.

माझ्यासाठी सर्वांत मोलाची आहे ती मागणी वही. वाचकानं मागितलेलं आणि आमच्याकडे नसलेलं प्रत्येक पुस्तक त्यात लिहिलं जातं, मागणाऱ्याच्या नावासह. २०२५ मध्ये चित्रपट आल्यावर शिवाजी सावंतांच्या ‘छावा’साठी रांग लागली. १९७९ ची कादंबरी, पण एक प्रत पुरेना. वाट बघणाऱ्यांना मी ‘श्रीमान योगी’ दिलं, कुणाला ‘पानिपत’ दिलं. रिकाम्या हातानं परत गेलेला नवा वाचक बहुधा कायमचा जातो.

११.३०

जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथपेटी घेऊन जाते. ही कल्पना जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या संस्थानातल्या खेड्यांत अशा फिरत्या पेट्या पाठवल्या होत्या.

आज मुलांना त्यांच्याच जिल्ह्याची गोष्ट सांगितली. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्यानं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिलं, जे आज पूर्ण मिळत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रकार राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न साहित्यविद्येशी लावलं, तेही याच नगरात. “सर, आपल्या वाशिमात?” असं एका मुलानं गुरुजींनाच विचारलं. अशी गोष्ट ऐकल्यावर पेटीभोवती गर्दी होते. प्रत्येकानं एक पुस्तक घरी न्यायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यातली एक गोष्ट वर्गात सांगायची. परीक्षा किंवा गुण काही नाहीत.

दुपारी २.००

आमच्या वाचनगृहात पुरुष बसलेले असतात, म्हणून बऱ्याच बायका आत येत नाहीत. बाया येत नाहीत तर वाचनालयानं त्यांच्याकडे जावं. बचत गटाच्या बैठकीला मी पुस्तकांची पिशवी घेऊन जाते.

“आमाले कुठं वाचाले येळ भेटते, ताई,” असं एकीनं म्हटलं. याच बाई दरवर्षी ‘गजानन विजय’ पोथीचे एकवीस अध्याय ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसून वाचतात. त्यांना वाचायची सवय लावावी लागत नाही, ती आहेच. मी त्यांना एवढंच सुचवलं, की पोथी संपल्यावर ती वेळ मोडू नका, तिथेच रोज चार पानं दुसरं काही वाचा. पहिलं पुस्तक ‘श्यामची आई’ दिलं. नियमित वाचक कसा घडतो, हे मला पारायणानं शिकवलं: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि रोजचा झेपेल एवढा भाग.

४.३०

देवघेव वही उघडून न आलेल्यांची नावं काढते. महिनाभर कुणी फिरकलं नाही, तर निरोप धाडते किंवा वाटेत घर असेल तर डोकावते. दंडाचा विषय काढत नाही. “पुस्तक राहू द्या, पण तुम्ही या,” असं म्हणते. बहुतेकदा कारण साधं असतं. कुणाची फवारणी चालू असते, कुणाचं पुस्तक भिजलेलं असतं आणि तो लाजून येत नाही. पुस्तक बांधून घेता येतं, पण गेलेला वाचक परत मिळवायला वर्ष लागतं. सोयाबीनच्या सोंगणीत तर मी आपणहून परतीची तारीख पुढे ढकलते. शेतकऱ्याच्या गावातलं वाचनालय शेतीच्या हंगामाप्रमाणे चाललं पाहिजे.

५.३० ते ८.००

ही खरी देवघेवीची वेळ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाचा वेळ वाचवा, ही त्यातली तीन मी रोज वापरते. जो पुस्तक परत करायला येणार, त्याचं पुढचं पुस्तक मी आधीच काढून, नावाची चिठ्ठी लावून वेगळं ठेवलेलं असतं.

“कसं वाटलं?” हे विचारल्याशिवाय पुस्तक जमा करत नाही. आज एक ट्रॅक्टरचालक म्हणाला, “मले आवडलं नाई, पन सोडवलंबी नाई.” त्याच्या कार्डामागे मी तसंच लिहून ठेवलं. पुढच्या वेळी काय द्यायचं, ते त्यावरून ठरतं. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांच्यासाठी सातनंतर अर्धा तास मोठ्यानं वाचन असतं. प्रकरण रंगात आलं की तिथेच थांबते. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर येतात.

आठ वाजता वह्या बंद करते आणि उद्यासाठी फळा पुसून ठेवते.

वाचन संपलं, असं सगळीकडे म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्या गावात दार वेळेवर उघडतं आणि वाचकाला नावानं ओळखून पुढचं पुस्तक दिलं जातं, तिथे वाचक टिकतो. तुमच्या गावातही असं एखादं वाचनालय असेल. या महिन्यात वर्गणी भरून त्याचे सभासद व्हा, आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या वारी जा. मागणी वही असेल तर त्यात तुमच्या आवडीच्या पुस्तकाचं नाव लिहा. नसेल, तर ती सुरू करायला सांगा.