बंडखोर? कोण म्हणतंय?

निवडणूक आली की पेपरात एक शब्द हमखास दिसतो: बंडखोर. तिकीट कापलं, अपक्ष अर्ज भरला, की झाला बंडखोर! पण या शब्दाचं शेपूट कधी नीट बघितलंयत? लाचखोर, भांडखोर, चुगलीखोर... 'खोर' हा प्रत्यय फारसीतून आला आणि तो लागला की कौतुक क्वचितच असतं. म्हणून तर 'क्रांतिखोर' असं कुणी म्हणत नाही. तिथे 'क्रांतिकारक'च हवं.

वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पकडले गेले, तेव्हा इंग्रज सरकारच्या लेखी ते दरोडेखोर होते. आपल्या पुस्तकांत ते आद्य क्रांतिकारक आहेत. १८५७ हे इंग्रजांसाठी शिपायांचं बंड, तर सावरकरांसाठी स्वातंत्र्यसमर. अगदी अलीकडचं बघा. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा एक बाजू म्हणाली 'गद्दारी', दुसरी म्हणाली 'उठाव'. घटना तीच, शब्द मात्र बाजू बघून!

काहींनी तर असा शब्द स्वतःहून, अभिमानाने लावून घेतला. १९९९ मध्ये धारावीत पहिलं संमेलन भरवणाऱ्यांनी त्याला थेट नाव दिलं, 'विद्रोही साहित्य संमेलन'.

उद्या मेसच्या जेवणाबद्दल तक्रार केलीत आणि कुणी म्हणालं, "फार बंडखोरी चाललीय तुमची," तर लगेच खट्टू होऊ नका, फुशारूनही जाऊ नका. हे कोण म्हणतंय आणि त्याला काय टाळायचंय, ते आधी बघा. आणि हो, दुसऱ्याला 'बंडखोर' म्हणताना आपण कुठे उभे आहोत, तेही!