रानाचे मजूर की रानाचे धनी?

आज जगात कोठेही वनरक्षणाची परिषद भरली की तीत आदिवासींचा गौरव हटकून होतो. ते जंगलाचे खरे राखणदार आहेत, असे ठराव होतात. ठराव चांगलेच आहेत. परंतु या राखणदाराला अधिकार कोणता आणि राखणीतून त्याचे पोट कसे भरते, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे आम्हांला हाच प्रश्न मुळाचा वाटतो.

बांबूचेच पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे कागदासाठी तोडला गेला. बेटातले जून बांबू काढावेत आणि कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, ते राखावेत, म्हणजे बेट पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देते. हे तोडणाऱ्या मजुराला ठाऊक नसते असे नाही. पण त्याची मजुरी पडते मोळीवर. जून बांबू असतात बेटाच्या गाभ्यात; तेथे शिरायला वेळ लागतो. कडेचे कोवळे बांबू झटपट निघतात. शिवाय पुढल्या वर्षी त्याच बेटात आपल्याला काम मिळेल, याची त्याला शाश्वती नसते. मग त्याने कोंब राखावा तो कोणासाठी? हा दोष त्याच्या स्वभावाचा नव्हे, उक्त्या कामाचा आहे.

हीच गोष्ट पालटली की काय होते, ते धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने दाखविले. 1980 नंतरच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यात हे गाव जागे झाले. श्री. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ त्याला लाभली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. आम्ही आमच्या सभांत हात मोजून निर्णय घेतो. मेंढ्यात निर्णय होतो तो सर्वसहमतीने. एकाचे जरी समाधान झाले नाही, तरी विषय पुन्हा चर्चेला येतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्कांना मान्यता दिली. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. कागद हाती आला, पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना! 1927 चा वन कायदा बांबूला झाड समजत होता. नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणत होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. आता तोड कोठे करायची आणि मजुरी किती द्यायची, हे तोडणारेच ठरवू लागले. कोंब राखण्यात त्यांचाच लाभ होता.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 साली असा हक्क मिळाला. तेंदूपानांसाठी झाडांची छाटणी होते आणि आगीही लावल्या जातात, म्हणून त्या गावाने तेंदू तोडायचाच नाही असे ठरविले. उन्हाळ्यात हाती येणारा रोख पैसा सोडणे गरिबाला सोपे नसते. बांबूची मिळकत स्वतःच्या हाती आल्यावर ते शक्य झाले.

जगाचा विचारही याच वाटेने, पण फार हळूहळू सरकला. कामगारांच्या परिचयाची आंतरराष्ट्रीय श्रम संघटना घ्या. तिच्या 1957 च्या 107 क्रमांकाच्या करारात आदिम जमातींना इतर समाजात हळूहळू मिळवून घ्यावे, अशी दृष्टी होती. भारताने तो 1958 साली मान्य केला. 1989 च्या 169 क्रमांकाच्या कराराने ती दृष्टी टाकून दिली आणि त्यांच्या भूमीविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा असे सांगितले. हा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला मात्र आपण अनुकूल मत दिले.

या मताची कसोटी आपल्या दाराशीच आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू आहे. त्या भागातील अनेक ग्रामसभांनी तिला विरोध केला आहे. खाणीत रोजगार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तेथील मजुराला पुरते वेतन आणि सुरक्षितता मिळवून देणे हे आमच्यासारख्यांचे कर्तव्यच आहे. पण संघटना वेतन वाढवून घेऊ शकते. गेलेला डोंगर तिला परत आणता येत नाही. रानाचा धनी एकदा मजूर झाला की त्याला पुन्हा धनी करणे कोणत्याही संपाच्या आवाक्यातले नाही. म्हणून विचारायचे ते आधी विचारले पाहिजे, आणि ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले तर ते उत्तर म्हणून ऐकले पाहिजे. आदिवासींचा गौरव करणारा ठराव पुढच्या वेळी कानी पडेल, तेव्हा श्रोत्यांनी एवढेच विचारावे, की परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती आहे?