शाळेंतील वर्ग व मूळ साधनें: एका जन्मतिथीचा पाठ

१. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधून छापण्याचें काम महाराष्ट्रांत शतकाहून अधिक काळ चाललें आहे. कै. वि. का. राजवाडे यांनीं आपल्या साधन-मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. १९१० सालीं पुणें येथें भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें १९३० पासून कै. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. इतकें साहित्य उजेडांत आलें, तरी शाळेंत शिकणाऱ्या मुलाच्या हातीं त्यांतील एखादा कागद क्वचितच पडतो. त्यास निष्कर्ष सांगितला जातो. तो ज्या पुराव्यावरून काढला, तो पुरावा दाखविला जात नाहीं. हा पुरावा वर्गांत कसा मांडतां येईल, व त्यांत आम्हां संग्राहकांचा वांटा कोणता, हें एका सुपरिचित उदाहरणानें दाखविण्याचा येथें विचार आहे.

२. या सूचनेवर आक्षेप येतात ते असे: मुलांस मोडी वाचतां येत नाहीं, फारसी शब्दांनीं भरलेली भाषा त्यांस समजत नाहीं, आणि पुराव्याची छाननी हें प्रौढ संशोधकांचें काम आहे. पहिले दोन आक्षेप खरे आहेत, परंतु मोडी कागदाशेजारीं त्याचें बाळबोध रूपांतर व कठीण शब्दांचे अर्थ ठेवले, म्हणजे त्यांचें निवारण होतें. तिसरा मात्र आम्हांस मान्य नाहीं. मुलानें संशोधक व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, व लिहिणारास तें कसें कळलें, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय त्यास लागावी, एवढीच अपेक्षा आहे. बाजारांत नाणें वाजवून घेण्याची अक्कल बारा वर्षांच्या मुलास असते. तीच येथें वापरावयाची आहे.

३. उदाहरण शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचें घेऊं. उत्तरकालीन बखरींतून शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि रूढ झाली होती. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, ही तिथि आढळली. दोहोंत सुमारें तीन वर्षांचें अंतर पडतें. शिक्षकानें या दोन्ही तिथि फळ्यावर लिहाव्या आणि निर्णय न सांगतां मुलांस कामास लावावें.

४. पहिली कसोटी संवत्सराची. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रमांक. १५५१ मध्यें १२ मिळविल्यास १५६३ होतात व बाकी ३ उरते. तिसरा संवत्सर शुक्ल. १५४९ घेतल्यास बाकी १ उरते. पहिला संवत्सर प्रभव. म्हणजे दोन्ही तिथि या कसोटीस उतरतात! येथें वर्ग थोडा गोंधळतो, आणि हा गोंधळ फार मोलाचा आहे. शक व संवत्सर यांचा मेळ कोणाही गणित जाणणारास मागाहून बसवितां येतो. तेव्हां एखादी नोंद आपल्यापुरती सुसंगत आहे, एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं, हा धडा मुलांस आपोआप मिळतो.

५. दुसरी कसोटी इसवी सनाची. शकांत ७८ मिळवावे हें मुलांस पाठ असतें. म्हणून १५५१ चे ते १६२९ करितात. परंतु फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. तोंवर इसवी सनाचें नवें वर्ष सुरू झालेलें असतें. अशा वेळीं ७९ मिळविले पाहिजेत. यावरून १६३० हें साल येतें, व तारीख १९ फेब्रुवारी ठरते.

६. तिसरी कसोटी वाराची, व तींत खरी मौज आहे. हल्लींच्या पंचांगाच्या रीतीनें मागें मोजीत गेल्यास १९ फेब्रुवारी १६३० या दिवशीं मंगळवार येतो. शकावली तर शुक्रवार म्हणते. कोणी चलाख विद्यार्थी लागलीच शकावली खोटी ठरवील. शिक्षकानें त्यास अडवूं नये. मग सांगावें कीं, ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. पोप ग्रेगरी यांची सुधारणा १५८२ मध्यें झाली. पोर्तुगालनें ती त्याच सालीं स्वीकारली, पण इंग्लंडनें १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. सतराव्या शतकांत दोहोंमध्यें दहा दिवसांचें अंतर होतें. जुन्या गणनेची १९ फेब्रुवारी म्हणजे नव्या गणनेची १ मार्च १६३०. आणि त्या दिवशीं शुक्रवारच येतो. शकावलीचा वार बरोबर ठरतो. मुलांनीं हीच रीत महाराजांच्या निधनतिथीस लावून पाहावी. शके १६०२, चैत्र शुद्ध पौर्णिमा, ३ एप्रिल १६८० ही तारीख हल्लींच्या गणनेनें बुधवारीं पडते. दहा दिवस मिळवितांच १३ एप्रिल, शनिवार, हा परंपरेनें सांगितलेला वार मिळतो. इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें व गोव्याकडील पोर्तुगीज कागद यांत एकाच प्रसंगाच्या तारखा दहा दिवसांनीं कां भिन्न असतात, हेंही यावरून उलगडतें.

७. तथापि वार जुळला म्हणजे सर्व सिद्ध झालें, असें मुलांस वाटूं देऊं नये. वार सातच, एखादा योगायोगानेंही जुळेल. म्हणून चौथी कसोटी साक्षीदाराची. शकावली ही कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची. त्या घराण्यांतील कान्होजी जेधे हे महाराजांच्या आरंभींच्या सहकाऱ्यांपैकीं एक. तींतील नोंदी शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या आहेत. घरच्या टिपणांत घराण्याचा मोठेपणा वाढविलेला असूं शकतो, परंतु धन्याची जन्मतिथि बदलण्यांत जेध्यांचा लाभ कोणता, हा प्रश्न मुलांनींच विचारावा. नंतर दुसरे साक्षीदार बोलवावे. महाराजांच्याच काळीं कवींद्र परमानंदानें रचलेलें शिवभारत १९२७ सालीं छापून निघालें. त्यांत हीच तिथि आहे. जोधपुराकडील ज्योतिष्यांच्या संग्रहांत सांपडलेली कुंडलीही तीच दर्शविते. मावळांतील देशमुख, संस्कृत कवि व राजपुतान्यांतील ज्योतिषी हे एकमेकांपासून दूरचे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, हें एका वाराच्या जुळणीपेक्षां पुष्कळ बलवत्तर आहे. पुढें महाराष्ट्र शासनानेंही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली. हें वाक्य पाठ्यपुस्तकांत एका ओळींत मावतें. परंतु ज्यानें वरील वाट चालून पाहिली, त्याच्या मनांत तें निराळ्या रीतीनें ठसतें.

८. हा पाठ झाल्यावर एखाद्या साध्या पत्राकडे वळावें. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सुहूर सन असल्यास इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० व अलफ १०००, अशी बेरीज करून ११६१ मिळतात. मृगापासून पौष महिन्याच्या सुमारापर्यंत त्यांत ५९९ व पुढें इसवी वर्ष पालटल्यावर ६०० मिळवावे. म्हणजे १७६०-६१ हें साल येतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, हें ठाऊक असलेल्या मुलास असा सन स्वतः उलगडला म्हणजे तो कागद परका वाटत नाहीं.

९. आतां संग्राहकांविषयीं. मूळ कागद शाळेंत पाठवावा असें आमचें म्हणणें नाहीं. शंभर हातांतून गेलेला कागद टिकत नाहीं. हवी आहे ती त्याची विश्वासू प्रतिकृति. छायाचित्र पूर्ण आकाराचें असावें, पाठपोट दोन्ही बाजूंचें असावें, शिक्का व मोर्तब स्पष्ट दिसावे. बाळबोध नक्कल ओळीस ओळ असावी. फाटलेल्या जागीं टिंबें द्यावीं, अंदाजानें शब्द भरूं नयेत. लेखनाच्या चुका सुधारूं नयेत. कागद कोणत्या घराण्यांत, कोणत्या गांवीं, कशा अवस्थेंत मिळाला, हें खालीं नमूद करावें. ही शेवटची नोंद आपल्यांतील पुष्कळ जण टाळतात. परंतु मूळ ठिकाण न सांगितलेला कागद म्हणजे नांवगांव न सांगणारा साक्षीदार होय. वर मांडलेली चौथी कसोटी त्यास लावतांच येत नाहीं. शक्य तेथें एखादा बनावट कागदही, तो बनावट आहे हें आपल्यापाशीं नोंदवून, संचांत घालावा. खोटा ओळखल्यावांचून खऱ्याची पारख येत नाहीं.

१०. यांत शाळांवर उपकार करण्याचा प्रश्न नसून साधनांच्याच जीविताचा प्रश्न आहे. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या वाड्यांच्या माळ्यांवर अद्यापि रुमाल बांधलेलीं दप्तरें आहेत. त्यांचे मालक मोडी वाचीत नाहींत. वाडा पडला कीं रुमाल रद्दींत जातो, किंवा वाळवी त्याचा निकाल लावते. प्रत्येक माळ्यापर्यंत पोहोंचण्याइतके संशोधक कधींच नव्हते व पुढेंही असणार नाहींत. परंतु त्याच घरांतील मुलगी किंवा मुलगा शाळेंत जातो. वर्गांत एकदां मोडी कागद हाताळलेलें मूल आजोळच्या माळ्यावरील रुमाल पाहून, हा टाकूं नका, कोणास तरी दाखवूं, एवढें म्हणालें, तरी एक दप्तर वांचेल. आपल्या संग्रहांतील दहा कागद निवडून, त्यांच्या प्रतिकृति वरील रीतीनें सिद्ध करून, जवळच्या शाळेस द्याव्या, अशी सर्व संग्राहकांस विनंति करून हा लेख पुरा करितों.