अर्धी भिंत, पण पक्की हवी!

स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये कमरेइतकी भिंत घालायची हौस बऱ्याच जणींना असते. दिसते छान, पण मैत्रिणींनो, तिला वर छताचा आधार नाही आणि एक टोक मोकळं! मुलं तिला लोंबकळणार, पाहुणे रेलणार.

साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत पुरते. मात्र ती फरशीवर नुसती उभारू नका, तेवढ्या पट्टीतली फरशी काढायला लावा. जुन्या भिंतीला जिथे मिळते, तिथला गिलावा खरवडून विटा दात्यांसारख्या आत गुंतवायच्या. (खांब मात्र फोडू द्यायचा नाही!) 'सिमेंटनं धरेल हो बाई,' असं गवंडी म्हणेलच. ऐकू नका. दर तिसऱ्या-चौथ्या थरात ६ मिलिमीटरच्या दोन सळया आडव्या घालून त्यांची टोकं जुन्या भिंतीत न्यायची. माल एकास चार, विटा आधी भिजवलेल्या.

मोकळ्या टोकाला भिंत काटकोनात फूट-दीड फूट वळवा. पोस्टकार्ड उभं राहत नाही, घडी घातली की राहतं, तसंच हे! त्या कोपऱ्यात पिठाचा डबाही मावतो.

वर कडाप्पा बसवलात तर कडा गोल घासून घ्या. निदान सात दिवस पाणी मारायचं. ते काम बहुधा आपल्याच गळ्यात.

वरच्या मजल्यावर राहत असाल, तर आधी इंजिनिअरला विचारा. चार फूट लांब, तीन फूट उंच भिंत सुमारे ३०० किलो भरते आणि ते सारं वजन स्लॅबवर येतं. तो नको म्हणाला, तर फरशीला नि भिंतीला स्क्रूनं आवळलेला लाकडी सांगाडा करून त्यावर प्लायवूड ठोकून घ्या.