शिवाराचा पाऊस आणि शेताचा पाऊस : लहान शेतातील घरगुती हवामान केंद्र

केंद्र म्हणजे काय

तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा आणि सौर प्रारण यांची ठरावीक अंतराने आपोआप नोंद घेणारा उपकरणसंच म्हणजे स्वयंचलित हवामान केंद्र. घरगुती केंद्र ही त्याचीच लहान आवृत्ती. दोन मीटर उंचीचा लोखंडी पाइप, त्यावर बसवलेले संवेदक, लहानशी सौरपट्टी, बॅटरी आणि नोंदी घरातल्या पडद्यावर किंवा मोबाइलवर पोहोचवणारा रेडिओ प्रेषक, एवढाच त्याचा पसारा असतो. शेतकरी त्याला सरसकट ‘वेदर स्टेशन’ म्हणतात. पुढील विवेचनात नाशिक जिल्ह्यातील एका एकराची द्राक्षबाग उदाहरणादाखल घेतली आहे. पाणी, रोग आणि थंडी या तिन्ही बाबतींत हे पीक हवामानाला फार संवेदनशील असल्याने केंद्राचे गुण आणि उणिवा त्यात ठळक दिसतात.

अंदाज आणि मोजमाप

भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसृत करतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस देणारा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. एका शिवारात नाला वाहू लागतो, तर शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. मंडळाचा आकडा दोन्ही शिवारांसाठी एकच असतो. हा फरक मोजणे हे घरगुती केंद्राचे काम आहे. उद्या काय होईल हे ते सांगत नाही. आज या शेतात काय झाले, एवढेच सांगते.

पर्जन्यमापक

बहुतेक घरगुती केंद्रांत झुकत्या पात्राचा पर्जन्यमापक असतो. नरसाळ्यातून आलेले पाणी तराजूसारख्या जोडलेल्या दोन छोट्या पात्रांपैकी एकात साठते. ते भरले की कलंडते, दुसरे पात्र वर येते आणि प्रत्येक कलंडण्याची विद्युत नोंद होते. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर असेल आणि एका कलंडण्याला ०.२ मि.मी. पाऊस धरला असेल, तर प्रत्येक वेळी सुमारे ४ मिलिलिटर पाणी लागते. यावरून घरच्या घरी तपासणी करता येते. २०० मिलिलिटर पाणी बारीक छिद्राच्या बाटलीतून थेंब थेंब सोडले, तर सुमारे ५० वेळा कलंडणे आणि १० मि.मी. नोंद अपेक्षित असते. मुसळधार पावसात पात्र कलंडत असतानाही पाणी पडतच राहते, त्यामुळे हा मापक थोडा कमी आकडा दाखवतो.

मिलिमीटर या एककाचा अर्थ साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर पडलेला १ मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुंठ्याला ते सुमारे १०१ लिटर आणि एकराला सुमारे ४,०४७ लिटर भरते. सरकारी नोंदीतील दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. घरचे केंद्र बहुधा मध्यरात्री आकडा शून्यावर आणते. त्यामुळे रात्रभर पडलेला एकच पाऊस घरी दोन तारखांत विभागला जातो आणि सरकारी नोंदीत एकाच तारखेला दिसतो. तुलना करण्यापूर्वी ही वेळ जुळवून घ्यावी लागते.

तापमान आणि आर्द्रता

हवामानशास्त्रात तापमान म्हणजे सावलीतील, खेळत्या हवेचे तापमान. संवेदकावर थेट ऊन पडले, तर तो हवेऐवजी स्वतःच्या तापलेल्या आवरणाचे तापमान दाखवतो. यासाठी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने झडपांची पांढरी लाकडी पेटी तयार केली. घरगुती केंद्रातील एकावर एक रचलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या हा तिचाच वंशज. थाळ्यांवर धूळ आणि औषधाचे डाग साचले की त्या ऊन शोषतात आणि दुपारचे तापमान फुगते.

सापेक्ष आर्द्रता एकटी पाहिली तर फसवते, कारण ती तापमानाबरोबर बदलते. दुपारी ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेली हवा कोरडी वाटते. तीच हवा पहाटे सुमारे १८ अंशांपर्यंत थंड झाली की संपृक्त होते आणि पानांवर दव उतरते. या १८ अंशांना दवबिंदू म्हणतात. संध्याकाळचा दवबिंदू आणि पहाटेचे अपेक्षित किमान तापमान जवळ आले, तर रात्री दव पडण्याची शक्यता वाढते.

वारा

तीन वाट्यांचे फिरते चाक वेग मोजते आणि वातकुक्कुट दिशा दाखवतो. अंदाजातील वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, तर शेतातील केंद्र बहुधा दोन मीटरवर असते. जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंदावतो. मोकळ्या जागेत दोन मीटरवरील वेग १० मीटरवरील वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो. अंदाजात ताशी १६ किलोमीटर आणि केंद्रावर १२ दिसले, तर दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

जागेची निवड

महागड्या संवेदकाची अचूकता चुकीच्या जागेमुळे वाया जाते. पर्जन्यमापकाजवळ झाड किंवा शेड असेल, तर त्याचे अंतर त्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे. वाऱ्यासाठी ते दहापट धरतात. लहान शेतात या दोन्ही अटी क्वचितच एकत्र पूर्ण होतात. गच्चीवर वारा चांगला मिळतो, पण स्लॅबच्या उष्णतेने तापमान बिघडते. विहिरीच्या काठाजवळ आर्द्रता जास्त येते. वेलींच्या मधोमध ठेवल्यास बागेतील सूक्ष्म हवामान कळते, पण पावसाची आणि वाऱ्याची नोंद कमी होते. म्हणून अनेकदा केंद्र बांधावर मोकळ्या जागी उभे करून फक्त पर्णओलावा संवेदक वेलीच्या छत्रीत बसवतात. केंद्र कुठे आहे हे लक्षात ठेवूनच आकडा वाचावा लागतो.

पहिला उपयोग : ठिबकाचे पाणी

पिकाची पाण्याची गरज दोन वाटांनी निर्माण होते: जमिनीतून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे पर्णोत्सर्जन. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर प्रारण एकत्र करून ‘संदर्भ बाष्पोत्सर्जन’ काढतात. ही १२ सेंटिमीटर उंचीच्या हिरव्या, भरपूर पाणी मिळालेल्या गवताची दैनिक गरज असते. तिला पिकाच्या गुणांकाने गुणले की त्या पिकाची गरज मिळते. खाण्याच्या द्राक्षांसाठी हा गुणांक सुरुवातीला ०.३० आणि पूर्ण पानोळ्यात ०.८५ धरतात.

संदर्भ आकडा दिवसाला ४ मि.मी. असेल, तर फुटीच्या सुरुवातीला एकरी गरज सुमारे ४,९०० लिटर आणि पूर्ण वाढीत सुमारे १३,८०० लिटर येते. हवामान तेच असताना पिकाची अवस्था बदलल्याने गरज जवळजवळ तिप्पट होते. अनेक केंद्रे संदर्भ आकडा स्वतःच काढून दाखवतात. तो थेट पाण्याचा आकडा समजून मोटर चालवली, तर कोवळ्या बागेला तिपटीहून अधिक पाणी जाते. पाऊस झाल्यास तो वजा करायचा, पण पूर्ण नव्हे. हलका पाऊस पानांवरच वाळतो आणि जोराचा वाहून जातो. शेवटी जमीन वापशावर आहे का, हे मूठभर माती दाबून पाहण्याची जुनी कसोटी कायम राहते. केंद्र हवेची तहान सांगते, मुळांजवळच्या ओलीसाठी वेगळा संवेदक लागतो.

दुसरा उपयोग : डाऊनीचा धोका

डाऊनी, म्हणजे केवडा, हा द्राक्षाचा अतिशय नुकसानकारक रोग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इटलीत त्याच्या पहिल्या संसर्गासाठी तीन दहांचा ठोकताळा बसवला गेला: फूट १० सेंटिमीटर लांब, तापमान निदान १० अंश आणि एक-दोन दिवसांत १० मि.मी. पाऊस. युरोपातील वसंत ऋतूत तापमानाची अट निर्णायक ठरते. नाशिकमध्ये ऑक्टोबरात, फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीच्या वेळी, तापमान १० अंशांच्या बरेच वर असते. ती अट आधीच पूर्ण झालेली असते, आणि सारे लक्ष पावसाकडे व पानावरील ओलाव्याकडे वळते.

एकदा रोग बागेत शिरला की पुढच्या फेऱ्यांना १० मि.मी. पावसाचीही गरज राहत नाही. रात्रीची दमट हवा बुरशीला बीजाणू तयार करायला पुरते आणि पान काही तास ओले राहिले की नवा संसर्ग होतो. पर्णओलावा संवेदक येथे उपयोगी पडतो. पानाच्या आकाराच्या पट्टीवर पाण्याचा थर आला की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि ओल्या तासांची नोंद होते. पहाटे तीनला पडून साडेतीनला थांबलेला पाऊस सकाळी सहज नजरेतून निसटतो. पर्जन्यमापकावर ११ मि.मी. आणि संवेदकावर पाच ओले तास असतील, तर त्या दिवशीचा फवारणीचा निर्णय वेगळा होतो. भुरी या दुसऱ्या रोगाचे गणित मात्र उलटे आहे. तिला दमट हवा चालते, पण पानावर साचलेले पाणी मानवत नाही. त्यामुळे डाऊनीचा इशारा सर्व रोगांना लागू करता येत नाही.

तिसरा उपयोग : फवारणीची वेळ

फवारणीचे थेंब पानापर्यंत पोहोचणे वाऱ्यावर आणि कोरडेपणावर अवलंबून असते. ताशी सुमारे ३ ते १५ किलोमीटर वारा सोयीचा मानतात. त्याहून जास्त वाऱ्यात औषध शेजारच्या शेतात जाते. अगदी पडलेली हवाही धोक्याची असते, कारण पहाटे जमिनीलगत थंड आणि वर उबदार थर असतो, आणि बारीक थेंब त्या थरात तरंगत दूर जातात. दुपारच्या उष्ण, कोरड्या हवेत थेंब पानावर पडण्यापूर्वीच आक्रसतात. वारा, तापमान आणि आर्द्रता तिन्ही एका पडद्यावर असल्याने दिवसातील योग्य दोन-तीन तास निवडता येतात.

थंडीची रात्र

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान अनेकदा एक आकडी होते. अशा वेळी बागेत पहाटे शेकोट्या पेटवणे किंवा ठिबक सुरू करणे हे प्रचलित उपाय आहेत. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने जमीन थोडी उष्णता धरते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते, त्यामुळे एकाच गावात खोलगट आणि उंच बागांच्या किमान तापमानात फरक पडतो. केंद्राला ठरावीक तापमानाखाली इशारा देण्याची सोय असेल, तर तो इशारा प्रत्यक्ष धोक्याच्या अंशाहून थोडा वर लावावा लागतो, कारण शेकोट्या पेटायला वेळ लागतो.

देखभाल

बिघाड बहुधा क्षुल्लक कारणांनी होतो. नरसाळ्याच्या तळाशी पालापाचोळा अडकतो, गांधीलमाशी पात्राशेजारी मातीचे घर बांधते, कोळी वाट्यांमध्ये जाळे विणतो. अशा केंद्रावर भर पावसात शून्य दिसते, किंवा पाऊस थांबल्यावर साचलेले पाणी झिरपून तासन्‌तास ‘पाऊस’ पडत राहतो. गंधकाच्या फवारणीने आर्द्रता संवेदकावर थर बसतो आणि काही हंगामांत त्याचे आकडे सरकू लागतात. धुक्याच्या पहाटे आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ पोहोचायला हवी. ती ८८वर अडत असेल, तर संवेदक बदलण्याची वेळ झाली. शेजारी काचेचा साधा पर्जन्यमापक ठेवला, तर चूक लवकर लक्षात येते.

मर्यादा

केंद्र एका बिंदूचे मोजमाप देते. त्याच्या नोंदी खासगी असल्याने नुकसानभरपाईत त्यांना अधिकृत स्थान नसते. अतिवृष्टीसाठी २४ तासांत ६५ मि.मी.चा निकष महसूल मंडळाच्या नोंदीवर लावला जातो आणि हवामानाधारित फळपीक विमाही संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो. घरच्या मापकावर ८० आणि मंडळात ५० मि.मी. नोंदले गेले, तर हिशेबात ५० धरले जातात. एक केंद्र चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घेतल्यास खर्च वाटला जातो, मात्र तापमानाइतकी पावसाची नोंद सर्वांना सारखी लागू पडत नाही.

नोंदवही

एका दिवसाचा आकडा त्या दिवसाचा निर्णय देतो. तीन-चार हंगामांच्या नोंदी वेगळी गोष्ट उघड करतात. वहीत एका रकान्यात मंडळाचा आकडा, दुसऱ्यात शेताचा, तिसऱ्यात त्या दिवशीचे काम आणि चौथ्यात दिसलेला परिणाम लिहिला, की दोन्ही आकड्यांतील फरकाला शिस्त दिसू लागते. निरभ्र रात्री ही खोलगट बाग मंडळाहून सातत्याने दोन अंश थंड राहते, असे वहीतून दिसले, तर जिल्ह्याचा ९ अंशांचा अंदाज या बागेसाठी ७ अंशांचा होतो. स्वतः अंदाज न करणारे केंद्र अशा रीतीने दुसऱ्याने केलेला अंदाज आपल्या बांधापर्यंत आणून देते.