वंशावळीत अर्ध्यावर थांबलेली रेघ

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके जण गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या ‘मिलिटरी’ अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसं गमावली, असं गाव आजही सांगतं.

ही माणसं गेली कुठे? मराठा पलटणींपुरतं बोलायचं, तर बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. अन्नावाचून, रोगराईत पाच महिने काढून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. कैद्यांना उन्हातान्हात उत्तरेकडे चालवत नेलं. कित्येक वाटेतच गेले, कित्येक रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर.

ज्यांना कबरही मिळाली नाही, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा घातला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव उघडपणे मान्य केला. शिपायांची नावं छापील नोंदवहीत होती, ती आता कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अनेक नोंदींत शिपायाचा नंबर, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो.

सरकारदरबारी नाव आहे, मग घरात का नाही? याचं उत्तर वंशावळीच्या रीतीत आहे. वंशावळ पुढे सरकते ती ज्याला मुलंबाळं झाली त्याच्या नावावरून. अठरा-वीस वर्षांचा, बिनलग्नाचा मुलगा बसऱ्याला गेला की त्याची रेघ तिथेच थांबते. भावांच्या शाखा वाढतात, वारसनोंदी त्यांच्या मुलांच्या होतात. दोन पिढ्यांनी कुणीतरी वंशावळ नव्याने उतरवून काढतं, तेव्हा ती अर्धी रेघ गाळली जाते. त्यात मुद्दाम कुणी काही करत नाही, पण माणूस घरातून नाहीसा होतो.

देवघराने मात्र त्याला टाकलेलं नसतं. कित्येक घरांत खंडोबा-भवानीच्या शेजारी वीराचा टाक असतो. बोटभर रुंदीच्या चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली आकृती पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवाने गुळगुळीत झालेली असते. कुठल्या लढाईतला वीर, हे कुणाला सांगता येत नाही, तरी होळीच्या सणात त्याला मिरवतात. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धासाठी राखून ठेवलेली आहे. मान आहे, तिथी आहे, फक्त नाव हरवलं आहे.

ते शोधायला सुरुवात घरातूनच करावी. युद्धाचं पदक असेल तर त्याच्या कडेवर भिंग धरावं. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पदक नसेल तर फेरफार, गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. एक खूणगाठ बांधावी: १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११० वी मराठा पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. घरात ऐकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळत नाही, म्हणून शोध सोडू नये. इंग्रज कारकुनाने नाव कानाला लागेल तसं लिहिलं, तेव्हा स्पेलिंगही पाच-सहा तऱ्हांनी लावून पाहावं. गणपत शिंदे पुष्कळ सापडतात. वडील आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय आपला म्हणू नये.

हा शोध मराठा घरांपुरता नाही. महार सैनिकांची १११ वी पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. समुद्रात बुडालेल्या खलाशांचं स्मारक मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दोन हजारांहून अधिक जणांचं. हमाल, खेचरवाले, भिश्ती यांच्या नोंदी आणखी विरळ, म्हणून त्यांच्या घरांनी तर आधी हात घालायला हवा.

पंजाबात सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, त्यांचं डिजिटायझेशन सुरू झालं आणि परदेशात वाढलेल्या पणतवंडांना आपले पणजोबा भेटू लागले. आपल्याकडे गाव हाच घटक धरून हे काम करता येईल. संगमरवरी पाटीवरचा आकडा घ्यावा, नोंदवहीतून त्या गावची नावं काढावीत, घरोघरी जाऊन ती पडताळावीत आणि ग्रामसभेच्या ठरावाने पाटीशेजारी दुसरी पाटी लावावी. ज्याचा वंश चालला नाही, त्याला नातू-पणतू कुठून येणार? त्याचं नाव लिहायचं कर्तव्य भावाच्या पणतूचं आहे. वंशावळीत ती रेघ पुन्हा ओढावी आणि शेवटी लिहावं: नाव, पलटण, साल, बसरा.